आत्याची बाटली लपवायची नाही

शालूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लखनौच्या आलमबागेत दारूच्या ठेक्यांविरुद्ध पत्रकं वाटत होते. तशीच तेलीबागला तिच्या घरी पोचले, तर काका, तिचे धाकटे भाऊ, फ्रिजमधली तिची अर्धी बाटली पेपरात गुंडाळत होते. "लोक येतील भेटायला. काय म्हणतील?" मी बाटली हिसकावलीच. "तिनं कधी लपवली का? मग आपण कोण लपवणारे?" दारूबंदीवाली मी, हातात फ्रेंच वाइन... रडता रडता मलाच हसू आलं.

आत्या केंद्र सरकारी नोकरीत होती. एका प्रशिक्षणासाठी फ्रान्सला गेली आणि ही आवड घेऊन आली. दोन जातींच्या द्राक्षांची, जराही गोड नसलेली पांढरी वाइन. "सोव्हिन्यों म्हणजे लिंबू आणि हिरवा पाला. सेमियों तिला अंग देते," असं ती भाजीवाल्यालाही सांगायची. रविवारी एकच ग्लास. पण सोबत काय खायचं? फ्रेंच लोक म्हणे कालवं खातात. लखनौत कुठली कालवं! चौकातले कबाब आणले, तर म्हणाली, "मसाल्यापुढे बिचारी मुकी झाली गं." हिवाळ्यात गोड, फेसाळ मलई मक्खन आणलं, तर वाइन नुसती आंबट लागली. शेवटी आमच्या नागपूरकडची सांबारवडी तिनंच तळली, कोथिंबीर ठासून भरलेली, आणि आत्या स्वयंपाकघरातूनच ओरडली, "जमलं!" तळणाचा तेलकटपणा वाइननं धुऊन निघाला आणि वाइनमधल्या हिरव्या पाल्याला कोथिंबीर भेटली, असं तिचं म्हणणं. मी पाणी पीत वड्या संपवल्या.

मी तिच्याशी भांडायचेही. "दारूनं घरं बुडतात आणि तू चवी घेत बसतेस!"

"बुडवणारी दारू तिकडे ठेकेवाले मुलींच्या शाळेसमोर विकून राहिले ना? चल, मी येते. आधी वडी खा."

आणि आली. धरणं धरून बसलेल्या बायकांसमोर ठेकेवाल्यानं टोमणा मारला, "आंटी, आप तो खुद पीती हैं!" माझा चेहराच उतरला. आत्या शांतपणे उठली. "हाँ भैया, पीती हूँ. अपने घर में, एक गिलास, खाने के साथ. अब तुम बताओ, बच्चियों के स्कूल के सामने क्यों बेचते हो?" बायका खो खो हसल्या, आणि त्यांची भीड तिथंच चेपली. पुढं ठेका हलला. माझ्या कुठल्याही पत्रकानं जे झालं नव्हतं, ते तिच्या खरं बोलण्यानं झालं. दारू मला आजही पटत नाही. लपवाछपवी त्याहून पटत नाही.

परवा त्या बायका आत्याच्या घरी जमल्या. मी तेल तापत ठेवलं आणि हात आपोआप फ्रिजकडे गेला. पहिली वडी तेलात सोडण्याआधी आत्या बाटली बाहेर काढायची. "फार गार असली की बोलत नाही," म्हणायची. वाइन एव्हाना उतरलीच असणार. तरी टेबलावर, तिच्या खुर्चीसमोर ठेवली. "दीदी, यही है वो?" एकीनं विचारलं. "यही है." मी वड्या घेऊन बाहेर आले, तर बाटलीशेजारी आत्याचा ग्लास होता, लख्ख पुसलेला.

काका फडकं खांद्यावर टाकून उभे होते. "असू दे," म्हणाले, "ताईला बाटलीतून प्यायची सवय नव्हती."