बारा वर्षांचा नारळ

मी तशी तोंडाची फटकळ. मनात आलं की ओठांवर आलंच. आई म्हणायची, ही थेट बापावर गेलीय. एवढी बडबडी बाई असून एक गोष्ट मी बारा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती गोष्ट एका नारळाची होती.

बाबा अंबरनाथला कारखान्यात फिटर होते. काका म्हणजे त्यांचे मित्र, जांभूळ गावचे शेतकरी. नात्याचे कुणी नव्हेत, पण सख्ख्या काकांपेक्षा जास्त वेळ आमच्या घरात. दोघांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. मंडळ म्हणजे काय, तर आमच्या चाळीतली एक खोली, दोन बाकं आणि दार न लागणारं लोखंडी कपाट. संध्याकाळी वस्तीतली पोरं तिथे अभ्यासाला बसायची आणि रविवारी लोक कागद घेऊन यायचे. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला, कुणा म्हातारीची पेन्शन. अर्ज बाबा लिहायचे. त्या माणसाला सायकलवर डबलसीट बसवून कचेरीत न्यायचं आणि खिडकीसमोर उभं करायचं काम काकांचं. ‘उद्या या’ म्हणाले की उद्या पुन्हा सायकल. बाबा त्यांना ‘गाववाले’ म्हणायचे, ते बाबांना ‘फिटर’. मी त्यांच्या तोंडून एकमेकांचं खरं नाव कधी ऐकलं नाही.

बाबा रिटायर झाले तेव्हा मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. मी तेव्हा कॉलेजात होते. ताट घेऊन स्टेजवर जायचं काम माझं. ताट काकांनी आणलं होतं, आणि त्यात शालीशेजारी एक नारळ होता, शेंडी राखून सोललेला, हळदीकुंकू लावलेला.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे नारळ येतो तो खवायला. ओवाळायला नाही, फोडायला नाही आणि सत्कारात हातात घ्यायला तर नाहीच नाही. बाबा या बाबतीत भयंकर कडक. काकांच्या गावात मात्र नारळाशिवाय मान नाही. हे सगळं मला माहीत होतं. ताटातला नारळ तेव्हाच बाजूला काढायला हवा होता. पण काका इतके खुशीत होते, नवं धोतर नेसून आले होते, त्यांना कसं सांगायचं? म्हटलं, बाबा घेतील सांभाळून. मी शालीची छान घडी घातली आणि नारळ तिच्याखाली झाकून ताट वर नेलं.

काकांनी शाल उचलली, बाबांच्या खांद्यावर घातली आणि नारळ पुढे केला. समोर सगळी आमची वस्ती बसलेली. बाबांनी नारळाकडे बघितलं, मग माइक हातात घेतला आणि म्हणाले, “इतकी वर्षं माझ्याबरोबर फिरलास, त्यात हेच शिकलास का?” नारळ टेबलावर ठेवला आणि स्टेज उतरून चालायला लागले. काका तिथेच उभे. तो नारळ त्यांच्या अंगणातला होता. त्यांच्या आईने लावलेल्या झाडाचा, त्या वर्षी धरलेला पहिला. हे आम्हाला नंतर कुणीतरी सांगितलं. काकांनी स्वतः काही सांगितलं नाही, कारण त्या दिवसापासून ते आमच्याकडे आलेच नाहीत.

मंडळ मोडलं नाही, पण लंगडं झालं. बाबांचे अर्ज टेबलावर पडून राहायचे, कारण माणसाला धरून कचेरीत न्यायला कुणी नव्हतं. काका तिकडे लोकांना घेऊन जायचे ते चुकीचा फॉर्म भरून, आणि हेलपाटे घालून परत यायचे. काकू वारल्या तेव्हा बाबा पांढरा शर्ट घालून निघाले आणि गावाच्या वळणापर्यंत जाऊन परत आले. आईने विचारलं तर म्हणाले, “मला बघून त्याला त्रास होईल.” असले हट्टी दोघे! आणि ताट नेणारी मी, मूग गिळून गप्प.

नदीला मोठा पूर आला त्याच्या पुढच्या वर्षी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर ते खाटेवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, “जांभूळकडचं काही कळलं का?” पाणी सोडतात का, भातं कशी आहेत, रस्ता झाला का. सगळ्या गावाची चौकशी, एका माणसाची सोडून. मला कळत नव्हतं का? तेव्हाच मी ठरवलं, यांतला एक जायच्या आत या दोघांना बोलतं करायचं. नाहीतर ते ताट मला जन्मभर पुरलं असतं.

संधी आयती आली. मंडळाचा वर्धापनदिन होता आणि नव्या कमिटीने जुन्या सहा कार्यकर्त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. मी कमिटीत होते. मी टुमणं लावलं की बाहेरचे पाहुणे कशाला, या सहाजणांनीच एकमेकांचा सत्कार करावा. सगळ्यांना कल्पना आवडली. जोड्या मी लावल्या. बाबांसमोर कोण येणार हे वेगळं सांगायला नको.

मग जांभूळला गेले पत्रिका घेऊन. काका गोठ्यापाशी होते, केस पांढरेशुभ्र झालेले. पत्रिका लांब धरून वाचली आणि म्हणाले, “फिटर येनार हाय?”

“येणार आहेत.”

“मना बगून उठून जाईल तो.”

“नाही जाणार, काका. मी शब्द देते.”

घरी बाबांचं तेच. “त्याने पुन्हा तसलंच काही केलं तर? चारचौघांत मला पुन्हा नाही म्हणायला लावू नकोस, बाई. या खेपेला मला जमायचं नाही.” त्यांनाही मी शब्द दिला. दोन्हीकडे शब्द देऊन बसले, आणि तोही नारळाचा.

शाली घ्यायला मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेले. दुकानदार सिंधी, गोड बोलणारा, त्याच्याकडे सत्काराचं सगळं एका जागी मिळायचं. त्याला मी तीनदा बजावलं, “शाल आणि मोमेंटो. नारळ नको. बिलकुल नको.” तो म्हणाला, “हां दीदी, समझ गया, नो नारळ.” भाव करताना मी जरा जास्तच घासाघीस केली, ही माझी खोड. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी त्याचा माणूस सहा चकचकीत खोके हॉलवर टाकून गेला, सोनेरी रिबन बांधलेले. इतके सुरेख बांधले होते की सोडवेना. तसेच स्टेजवर टेबलावर मांडले.

लोडशेडिंग सांभाळून कार्यक्रम चारला ठेवला होता. हॉल भरला. बदलापूरहून, खरवईहून लोक आले, काकांच्या गावचा एक टेम्पो आला. बाबा आणि काका स्टेजवर दोन टोकांना बसले, मध्ये चार म्हातारे. एकमेकांकडे ढुंकून बघत नव्हते. फोटोला फुलं वाहून झाली, प्रास्ताविक सुरू झालं, आणि माझा फोन वाजला. दुकानदार.

“दीदी, माल मिला ना? देखो, आपने पैसे के लिए नारळ कॅन्सल किया था ना? मुझे अच्छा नहीं लगा. इतने बडे लोगों का सत्कार! मैंने अपनी तरफ से डाल दिया है. फ्री.”

त्या भल्या माणसावर ओरडायलाही सुचेना. मी पाण्याचा जग उचलला आणि पाणी द्यायच्या निमित्ताने स्टेजवर गेले. टेबलामागे वाकून एक खोका उघडला, नारळ काढून पडद्यामागे ठेवला. दुसरा उघडला. प्रास्ताविक करणारा एरवी तासभर थांबत नाही, त्या दिवशी मेल्याने पाच मिनिटांत आवरलं. सत्कार सुरू झाले. मी रिबनी तोडत होते आणि कमिटीतली मुलगी एकेक खोका उचलून नेत होती. पाच खोके रिकामे केले मी. सहाव्याला हात घालते तर जागेवर नाही. मान वर केली, तो काकांच्या हातात होता.

काकांनी रिबन सोडली, झाकण उघडलं आणि आत बघतच राहिले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी टेबलामागे, मांडीवर दोन नारळ घेऊन बसलेली. काय वाटलं असेल त्यांना! मी नुसते हात जोडले.

काकांनी हळूच शाल काढली, मोमेंटो काढलं, खोक्याचं झाकण लावलं आणि खोका पायाने खुर्चीखाली सरकवला. बाबांना काही दिसलं नाही असं मला वाटलं. पण मेलं ते झाकण! खोका कलंडला, नारळ बाहेर पडला आणि गडगडत, गडगडत बाबांच्या चपलेशी जाऊन थांबला.

हॉलमध्ये अर्धे लोक जुने. त्यांना सगळं आठवत होतं. बाबा नारळाकडे बघत होते. मग वाकले, छातीवर टाके घातलेला माणूस, हळूहळू वाकले आणि त्यांनी तो उचलला. दुसऱ्या हाताने त्यांनी माइक धरला. झालं, मी म्हटलं, संपलं सगळं.

त्यांनी माइक छातीशी दाबला. पूर्ण झाकला. काकांच्या जवळ जाऊन कानाशी काहीतरी बोलले आणि नारळ त्यांच्या हातात परत दिला. काकांनी नारळ धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि शाल बाबांच्या खांद्यावर घातली. घालताना शाल दोनदा घसरली. दुसऱ्यांदा बाबांनीच ती धरली आणि काकांचा हातही धरला तो सोडलाच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या की काय मला माहीत नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच टेबलामागे फरशीवर बसून राहिले. किती हलकं वाटलं, काय सांगू. वर्षानुवर्षं दुखणारा दात उपटल्यासारखं.

बाबा कानात काय बोलले ते दिवेलागणीला कळलं. काका आमच्या दारात उभे, हातात नारळ. “फिटरनं सांगितलंय,” ते आईला म्हणाले, “हा स्टेजवरचा नाय, कालवणाचा हाय. घरी घेऊन ये म्हणला.” आई तोंडावर पदर दाबून हसली आणि विळी काढून बसली. बोंबलाचं कालवण झालं, भात झाला. बारा वर्षांनी ते दोघे एका पंगतीला बसले होते आणि बोलत काय होते, तर कचेरीत नवा फॉर्म आलाय तो चार पानी का केला. मी वाढत होते.

आता नाही बोलले तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी वाढता वाढता थांबले. “बाबा, तेव्हा ताटातला नारळ मी बघितला होता. तुम्ही चिडाल हे माहीत होतं. तरी शालीखाली मीच झाकला.”

बाबांनी मान वर केली नाही. भात कालवत म्हणाले, “माहीत आहे.”

“म्हणजे?”

“शालीची घडी बघितली ना मी. कोपऱ्याला कोपरा. हा गाववाला कधी घडी घालतो का? तुझ्याकडे बघितलं तर तू पांढरीफटक. चारशे माणसांपुढे तुला बोललो असतो, तर परत म्हणून तू मंडळाची पायरी चढली नसतीस. राग तर आला होताच. तो याच्यावर काढला.” मग म्हणाले, “माइकवर काढायला नको होता.”

काकांनी घास परत ताटात ठेवला. “म्हंजे पोरीच्या वाटची बोलनी मी खाल्ली?”

“हो.”

“बारा वर्सं?”

“हो रे.”

मी भाताचं पातेलं धरून उभी होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे.

“मंग आदी सांगायचंस ना, फिटर. पोरीसाटी आजून बारा काडली आसती.”

मला तिथे उभं राहवेना. कालवण आणते म्हणून आत गेले आणि ओट्याला टेकून पोटभर रडून घेतलं. आईने विचारलं, तिखट झालंय का गं? मी हो म्हटलं. बाहेरून काका ओरडले, “भात आन गं, पोरी.” मी डोळे पुसले आणि पातेलं घेऊन बाहेर आले.