मुगाच्या मिरच्या

बँकॉकच्या सहलीत एका दुपारी आमच्या लातूरच्या गटातल्या सगळ्या जणी खरेदीला गेल्या आणि मी एका मिठाईच्या वर्गात मुगाची डाळ वाटत बसले. संध्याकाळी मला टोमणा मिळाला, "डाळ वाटायला विमानानं आलीस होय?"

काम मात्र बघण्यासारखं होतं. भिजवून वाफवलेली डाळ वाटायची, नारळाच्या दुधात साखर घालून आटवायची आणि आपल्या पुरणासारख्या त्या गोळ्याची चिमुकली फळं, भाज्या वळायच्या. मग ब्रशनं रंग द्यायचा आणि चायना ग्रासच्या पाण्यात बुडवायचं, की लख्ख चकाकी येते. या मिठाईला तिकडे लूक छुप म्हणतात. पूर्वी हे राजवाड्यातल्या बायकांचं काम होतं, आता बाजारात डब्यांतून मिळतं.

शिकवणारी बाई हसरी होती, पण कडक. मी झटपट आंब्यांची ओळ लावली, सगळे एका मापाचे. तिनं एक खरा आंबा माझ्यापुढे ठेवला आणि दुभाष्याकरवी विचारलं, "तुमचे हे कुठल्या झाडाचे?"

नात्यातली रुखवतं मी बरीच वर्षं करते. साखरेचं देऊळ, चकल्यांची बैलगाडी, सगळ्याचे नमुने फाइलमध्ये लावलेले. परत आल्यावर फाइल माळ्यावर गेली. आता खरी वस्तू पुढे ठेवल्याशिवाय मी काही करत नाही. अंगणातल्या रांगोळीतला मोरही गेला, कारण मोर आमच्या दारात येत नाही. शेजारीण म्हणाली, "अहो, सणासुदीला तुरीच्या शेंगा काय काढायलात?"

तेवढ्यात बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी उदगीरची, मुलगा निलंग्याचा. साखरपुड्यात नवरदेवाच्या आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "पोरगी शिकलेली हाय, ते बरं हाय. पण हाताला काय येतं का? का रुखवत भाड्यानं आणणार?"

दुसऱ्या दिवशी भाचीचा मला फोन आला. "मावशी, तुझं ते थायलंडचं शिकव. सगळं मीच करणार. तू हात लावायचा न्हाई."

मी हात लावला नाही, फक्त नियोजन केलं. तिकडे सगळं बोटाच्या पेराएवढं करतात. आम्ही मुळातच लहान असलेल्या वस्तू निवडल्या: लवंगी मिरच्या, बोरं, लिंबं. मिरच्यांना देठ खरे लावले. लग्न हिवाळ्यातलं, त्यामुळे नारळाचं दूध नासायची धास्ती नव्हती. मोडतोड झाली तर हाताशी असावं म्हणून उरलेला गोळा, रंग आणि ब्रश एका डब्यात भरून पिशवीत घेतले.

लग्नाच्या दिवशी लाडू-अनारशांच्या मधोमध परात मांडली. आत्याबाई आल्या, वाकल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय ओ? रुखवतात भाजी? आठवडी बाजार इथंच भरवला का?"

बहीण मला कोपरानं ढोसू लागली, सांगून टाक म्हणून. मी सांगितलं नाही. "चाखून बघा की, आत्याबाई. पण जपून. लई तिखट हाय."

"मला तिखटाचं सांगता?" त्यांनी डोळे गच्च मिटून अख्खी मिरची तोंडात टाकली. डोळे मिटलेलेच राहिले. मग एक उघडला.

"गोड हाय की!"

सगळ्या बायका हसल्या. मी जरा जास्तच मोठ्यानं हसले, आणि तिथेच घोटाळा झाला. आत्याबाईंचा चेहरा कडक झाला. "हैदराबादहून आणलंय. घरात असलं होत न्हाई."

भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी पिशवीतला डबा तिच्या पुढ्यात ठेवला.

"मग करून दाखव," आत्याबाई म्हणाल्या. "मी सांगंल ते." त्या आचाऱ्याच्या ढिगाऱ्यातून निवडून एक वांगं घेऊन आल्या. वाकडं, डागाळलेलं, वर किडीचं भोक.

भाची शालूतच मांडी घालून बसली. हातभर हिरवा चुडा आणि डोळ्यांसमोर लोंबणाऱ्या मुंडावळ्या. "आत्या, ह्या जरा मागं धरता का?"

आता नाही कसं म्हणणार? आत्याबाई मुंडावळ्या धरून मागे उभ्या राहिल्या. मांडवातून गुरुजींच्या हाका येत होत्या. भाचीनं गोळा वळला, वाकवला, जांभळा रंग दिला, डाग रंगवला आणि टूथपिकनं भोक पाडलं.

आत्याबाईंनी दोन्ही वांगी शेजारी धरली. "चकाकी न्हाई."

"बुडवायला वेळ न्हाई, आत्या. गुरुजी ओरडायलेत."

त्यांनी छोटं वांगं तळहातावर घेतलं, पदरात मूठभर मिरच्या टाकल्या आणि तडक पुरुषांत गेल्या. काय होतंय या धास्तीनं बहीण आणि मी मागोमाग. आपल्या भावासमोर, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांसमोर, त्यांनी हात पुढे केला. "दादा, बघ. आमच्या सुनेनं केलंय. माझ्यापुढं बसून! मुंडावळ्या मी धरल्या होत्या."

"आमच्या सुनेनं!" बहीण माझ्या कानात फणकारली. "अगं, अक्षता पडायच्यात अजून!"

"पडतील. तू परातीपाशी जाऊन थांब, ही बाई परत येणार."

तिकडे आत्याबाई अगदी गंभीर चेहऱ्यानं भावाला मिरची देत होत्या. "घरची हाय. जपून खा, लई तिखट हाय." आणि व्याही पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेत होते.