शुभांगीचे काका

अण्णा बोलायला लागले की सिंगापुरातल्या वुडलँड्समधल्या आमच्या मजल्यावरची दारं उघडायची. उजवा कान तोफेने पार नेलेला, डावा अर्धामुर्धा. त्यामुळे साधं 'मीठ दे' म्हणायचे तेही समोरच्या डोंगरावर ऐकू जावं अशा आवाजात. शेजारच्या मलाय बाईंना पहिले काही दिवस वाटलं, आमच्याकडे भांडणं चालतात. माझी मुलगी इरा लिफ्टमध्ये सगळ्यांना इथल्या इंग्रजीत समजवायची, "सॉरी, माय आजोबा कॅनॉट हिअर, लाह."

आई गेल्यावर मी त्यांना सिंगापूरला आणलं. लहानपणी वडील मला रजेपुरतेच मिळाले होते. बाकी सगळे तोफखान्याचे. आता उरलेले माझे, असं मी मनाशी धरून चालले होते.

तसं झालं नाही. रोज संध्याकाळी ते बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर बसून व्हिडिओ कॉल लावत. पलीकडे त्यांच्या तोफेवरची माणसं, कुणी गडहिंग्लजचा, कुणी जतचा. ती त्यांना अजून 'नंबर वन' म्हणत. तोफेवरच्या प्रमुखाला तेच म्हणतात. मी चहा घेऊन गेले की अण्णा "ठेव" म्हणत आणि परत फोनकडे वळत. मला 'ठेव', आणि त्यांना अख्खी संध्याकाळ.

त्या म्हाताऱ्यांचं मी एकवेळ चालवून घेतलं असतं. शुभांगीचं मला जमलं नाही. ती गणपतकाकांची मुलगी, आणि गणपतकाका अण्णांच्या तोफेवर असताना लढाईत गेले, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं. अण्णांनी कधी जास्त सांगितलं नाही. एकदा ते आंघोळीला गेले असताना त्यांच्या तोफेवरच्या तुकारामकाकांचा फोन आला आणि मी त्यांनाच विचारलं.

"कारगिलच्या लढाईत द्रासला तोफ रस्त्याकडेला उघड्यावर होती, पोरी," ते म्हणाले. "वर बसलेल्या शत्रूला आम्ही सगळे दिसायचो. आमचं पायदळ चढत होतं, तोफ थांबवून चालणार नव्हतं. तेवढ्यात गोळा पडला. गणपत जागेवर गेला, दोघं जखमी झाले, बारुदाच्या पेट्यांनी पेट घेतला. तुझ्या बापाने त्या हातांनी ओढून लांब केल्या. मग राहिलेल्या आम्ही तिघांनी दिवस मावळेपर्यंत तोफ चालवली. गणपतला बाजूला झाकून ठेवलेलं."

त्याबद्दल अण्णांना सेना मेडल मिळालं. ते आमच्या घरात मात्र कधीच नव्हतं. ते गणपतकाकांच्या फोटोखाली लटकतं, त्यांच्या घरी. लढाईनंतरच्या पहिल्या रजेत मी नवा फ्रॉक घालून आईबरोबर एसटी स्टँडवर उभी होते. सगळ्या गाड्या आल्या, अण्णा आले नाहीत. ते आधी शुभांगीच्या गावाला उतरले होते.

तिला सायकल त्यांनी शिकवली, मला मामाने. माझ्या लग्नात ते कडक इस्त्रीच्या कपड्यांत पाहुण्यासारखे उभे होते. तिच्या लग्नात, आई सांगायची, हातात बादली घेऊन पंगतीत आमटी वाढत होते. बाप गमावलेल्या मुलीचा हेवा करू नये, हे मला कळतं. पण मी तो केला, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती म्हणून तो आतल्या आत वाढला.

गेल्या वर्षी शुभांगीला दिवस गेले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. तिचीही आई गेलेली, नवरा सीमेवर. अण्णांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "तिकीट काढ."

मी काढलं. पण चांगी विमानतळावर सामान देऊन झाल्यावर राहवेना. "इराच्या वेळी मी इथे एकटी होते, अण्णा. या म्हटलं, तर म्हणालात, मला बायकांच्या कामातलं काय कळतंय."

त्यांनी डावा कान पुढे केला. मला सगळं पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. रांगेतली माणसं वळून बघू लागली.

अण्णांनी हातातला पासपोर्ट खिशात ठेवला. मग, मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "गोळे आणायला कुणी जायचं, ते मी ठरवायचो. त्या दिवशी गणपतची पाळी नव्हती. चपळ होता म्हणून मी त्याला पाठवला." माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला बाप कमी मिळाला. मला माहीत आहे ते. तिला मिळालाच नाही."

ते आत गेले. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. राग कुठे ठेवायचा ते मला कळेना.

बाळंतपण उरकून येतो म्हणाले होते. अजून तिकडेच आहेत. शुभांगीला मुलगी झाली. परवा मी फोन केला तर तिनेच उचलला. "ताई, थांबा हं," ती हळूच म्हणाली, "काका बाळाला झोपवतायत."

"त्यांना बोलावू नकोस," मी म्हटलं. "फोन तिथेच ठेव."

तिने ठेवला. पाळण्याची कुरकुर ऐकू आली आणि त्या कुरकुरीच्याही वर अण्णांचा आवाज. ते गात होते. शब्द चुकत होते, सूर तर नव्हताच. माझे वडील गातात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

बाळ झोपलं असावं, कारण कुरकुर थांबली. गाणं थांबलं नाही. मी फोन कानाला लावून उभी राहिले.