हौद्यावरचं कबूतर

मेव्हिसनं तव्यात बेकनचे दोन तुकडे टाकले. त्यातला एक नुसत्या सवयीनं. तिचा नवरा विल्फ हल्ली खात नसे. इस्पितळातून घरी आल्यापासून तो नाकात ऑक्सिजनची नळी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा आणि परसातल्या रिकाम्या शेडकडं बघायचा.

"ट्रेव्हरनं आणला नाही वाटतं अजून डंपर?"

"आज आणतो म्हणालाय."

"इंजिन तपासायला इतका वेळ? बायकोनं दिलेलं घड्याळही खोलून बसणारा माणूस तो मेला." हसता हसता विल्फला खोकल्याची उबळ आली. मेव्हिसनं त्याची पाठ चोळली. शेडची किल्ली ट्रेव्हरच्या हातात तिनंच दिली होती.

डंपर म्हणजे काही मोठा ट्रक नव्हे. पुढं माती वाहायचा लोखंडी हौदा, मागं ड्रायव्हरची उघडी सीट, आणि हँडल मारून सुरू करायचं डिझेल इंजिन. ऐन तारुण्यात विल्फ आणि त्याचा धाकटा भाऊ डेस वरच्या माळावर धरणाच्या कामाला होते. हा डंपर डेस चालवायचा. माती भरेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून त्यानं हौद्याच्या मागच्या पत्र्यावर, अगदी डोळ्यांसमोर, खिळ्यानं एक कबूतर कोरलं होतं. त्याला कबुतरांचं वेड; पण चित्रकला बेताचीच. कबुतराला पाय एकच निघाला.

एका ओल्या सकाळी बांधावरून डंपर उलटला आणि डेस त्याच्याखाली सापडून गेला. कंत्राटदारानं डंपर सरळ करवला, पाणी मारून धुतला आणि दुपारी परत कामाला जुंपला. सीटवर बसवलं विल्फला. विल्फ बसला. धरण पुरं होईपर्यंत ते एकपायी कबूतर त्याच्या नाकासमोर होतं.

पुढं डंपर विकला गेला. विल्फनं अर्धं आयुष्य यॉर्कशरमधल्या शेतकऱ्यांची खळी आणि भंगाराचे ढीग धुंडाळले, तेव्हा कुठं एका गोठ्यामागच्या खाजऱ्या झुडपांत तो सापडला. ओळख पटली ती कबुतरावरून. जाम झालेलं इंजिन त्यानं महिनोन् महिने तेलात भिजवून सोडवलं, नसलेले भाग घरी घडवले. रंगाला मात्र हात लावला नाही. दर रविवारी तेलकट फडकं फिरवायचं, गंज पुढं सरकू द्यायचा नाही, बस्स.

विल्फ जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांच्या मंडळात होता; त्यांची दरसाल जत्रा भरे. सगळ्यांची यंत्रं लखलखायची, आणि विल्फचा डंपर असा. "काय रे, आंघोळ न घालताच आणलंस होय पोराला?" मंडळातला ट्रेव्हर चिडवायचा. विल्फ नुसता हसायचा. कबुतराचं त्यानं एका मेव्हिसलाच सांगितलं होतं.

दारावर थाप पडली. मेव्हिसनं तवा खाली उतरवून दार उघडलं. बाहेर ट्रेव्हर, मंडळातले दोघं-तिघं, आणि ट्रेलरवर ताडपत्रीखाली डंपर.

"अगं मेव्हिस, म्हाताऱ्याला बाहेर आण! उद्याच्या जत्रेत पहिला मान त्याचा!"

तिनं विल्फची चाकाची खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणली. ट्रेव्हरनं ताडपत्री ओढली.

डंपर हळद लागल्यासारखा पिवळाधमक झाला होता.

"वाळूचा मारा करून पार लोखंडापर्यंत नेला," ट्रेव्हर सांगत होता. "ओरखडा म्हणून शिल्लक ठेवला नाही. तुझ्या हातून रंगाचं होत नव्हतं, आणि तू काय तोंड उघडून मागणार होतास?"

मेव्हिसनं हौद्याच्या मागच्या बाजूला पाहिलं. पत्रा ताटासारखा गुळगुळीत. विल्फकडं बघायचा तिला धीर झाला नाही.

विल्फनं हात उचलला. त्यांनी डंपर उतरवून त्याची खुर्ची जवळ नेली. तो अंगठा त्या जागेवरून फिरवत राहिला. एकदा. पुन्हा एकदा.

"काम चांगलं झालंय, ट्रेव्हर."

"बघा, बघा! म्हातारा रडतोय!" ट्रेव्हर ओरडला, आणि त्याचेही डोळे भरून आले.

मंडळी चहा पिऊन गेली. मेव्हिस खुर्चीशेजारी उभी राहिली.

"मी किल्ली दिली रे. रंगाचं बोलले नव्हते ते. पण मी विचारायला हवं होतं."

"त्यांना काही सांगू नकोस. राबलेत बिचारे." विल्फनं दम घेतला. "उद्या जत्रेला जमणार नाही, बरं नाही म्हणून कळव."

"बरं. शेजारच्यांना बोलावते, डंपर शेडमध्ये लावू."

"नको. इथंच राहू दे, खिडकीसमोर."

"अरे, आभाळ भरून आलंय. उघड्यावर गंजेल तो."

विल्फनं डंपरवरची नजर काढली नाही.

"त्याच्यावर ताडपत्री घालू नकोस," तो म्हणाला.