मामूंचा "ऑफसाईड!"

लाईनमनचा झेंडा माझ्या हातात होता आणि ऑफसाईड मी बघितलाच नव्हता. तरी झेंडा वर केला. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यावाचून मामूंबद्दल काही सांगताच येणार नाही.

मामूंचं माधवनगरला गाद्या भरण्याचं दुकान. दाढीत कायम कापसाचा एखादा तंतू. फुटबॉलच्या मैदानावर असा एकजण तुम्हीही पाहिला असेल. समोरच्या टीमचा पोरगा चेंडू घेऊन निघाला, की मामू उठून ओरडणार, "ऑफसाईड! पंच, ऑफसाईड हाय!" कधी थ्रो-इनलासुद्धा.

"मामू, थ्रोला ऑफसाईड नसतो."

"नसंना! आधी सांगून ठेवल्यालं बरं."

शेजारी त्यांचा जुना मित्र, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तो दुसऱ्या टीमचा. मामू दुकानातून दोन उशा आणत, एक त्याच्यासाठी. त्या उशांवर बसून दोघं मॅचभर एकमेकांचा उद्धार करत.

त्या फायनलला नेमलेला लाईनमन आलाच नाही, म्हणून झेंडा माझ्याकडे आला. शेवटी शेवटी कंडक्टरच्या टीमचा पोरगा सुटला. मी चेंडूकडे बघत राहिलो आणि बचावाची रांग नजरेतून निसटली; पोरगा तिच्या पुढे होता की मागे, ते दिसलंच नाही. मागून मामूंचा आवाज आला, "ऑफसाईड!" माझा हात वर गेला. चेंडू तोवर जाळ्यात होता. पंचांनी माझ्याकडे पाहिलं आणि गोल रद्द केला. मामूंची टीम एका गोलने जिंकली.

"गड्या, पोरगा मागं व्हता आमचा," कंडक्टर म्हणाला.

"झेंडा वर गेला, विषय संपला. त्यो मानूस खोटा झेंडा दावायचा न्हाई."

मी दहा पावलांवर उभा होतो. सगळं ऐकू येत होतं.

"मग त्याला गादी फुकट भरून दिलीस व्हय रं?" कंडक्टरने विचारलं.

लोक हसले. मामू हसले नाहीत. स्वतःची उशी उचलून चालू लागले.

पुढे कंडक्टर साताऱ्याला मुलाकडे राहायला गेला. मामू मैदानावर येत राहिले, दोन उशा घेऊनच, पण ओरडत नसत. पोरं डिवचायची, तर म्हणत, "लाईनमन हाय की. त्याला दिसतंय."

मला काय दिसलं होतं? डोळे मिटले की तो पोरगा कधी पुढे असतो, कधी मागे. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. त्यात नेमकी माझी पाठ आडवी आली आहे.

परवा शेवटी दुकानात जाऊन सांगितलं.

"म्हंजी गोल व्हता?"

"माहीत नाही."

"मग न्हवता?"

"तेही माहीत नाही, मामू. तुम्ही ओरडलात आणि हात वर गेला."

त्यांनी हातातली सुई गादीत खोचली. "म्हंजी झेंडा मीच वर केला, आन् तुझ्या नावानं त्याच्याशी भांडलो?"

ते उठले आणि दुकान बंद केलं.

"चल साताऱ्याला," ते म्हणाले.

कंडक्टरने दार उघडलं. मामूंना बघून घाबरलाच. "काय झालं? कोन गेलं?"

"कोन न्हाई. ह्येला इचार."

मी म्हणालो, "तुमच्या गोलला मी न बघताच झेंडा दाखवला. मामूंनी मला काही दिलं नव्हतं. त्यांनी नुसता विश्वास ठेवला. गोल होता की नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही. पण चूक माझी होती. दोघांनीही मला माफ करा."