मनकर्णाच्या हातातलं बटन

दुकानातल्या जुन्या कॉम्प्रेसरची टाकी फुटली, तेव्हा मनकर्णा घरी भाकऱ्या थापत होती. धमाका तिथवर ऐकू आला. कुणाच्या तरी ट्रॉलीचा टायर गेला असेल असं वाटून तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. माणसं बोलवायला आली तेव्हा ती भाकरी करपून गेली होती.

देवळाली प्रवराच्या बाहेर, ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याचं, गहिनीनाथचं, पंक्चरचं दुकान होतं. हवा दाबून भरली की तिच्यातल्या ओलीचं पाणी होतं आणि ते टाकीच्या तळाशी साचतं. खालची तोटी सोडून ते रोज काढावं लागतं. गहिनीनाथला हे ठाऊक होतं, पण कामाच्या रगाड्यात राहून जायचं. पत्रा आतून गंजत गेला आणि एक दिवस तळ फाटून टाकी छपरातून वर गेली. गहिनीनाथ जिवानिशी वाचला. उजवा कान मात्र कायमचा गेला, आणि दुकानाची पायरी चढायची त्याची हिंमतही गेली.

पावसाळाभर तो ओट्यावर बसून राहिला. कुकरची शिट्टी झाली तरी उठून अंगणात जायचा. मनकर्णानं कुकर वापरणं सोडलं. डाळ पातेल्यात शिजवू लागली. पण गळीत हंगाम तोंडावर आला, तशी ती एके दिवशी म्हणाली, "दुकान उघडायचं. यंत्राजवळ तुमी नका येऊ. ते मी बघते."

त्यानं दुकानाची किल्ली तिच्यापुढं ठेवली. तिनं तोच होकार धरला.

नवा कॉम्प्रेसर बसवायला राहुरीहून बन्सी मिस्त्री आला. मनकर्णानं दुकानामागं विटांची खोली आधीच बांधून घेतली होती, म्हणजे टायरवर काम करणारा माणूस आणि टाकी यांच्यामध्ये भिंत राहील. बन्सीनं कोबा सपाट आहे ना ते पाहिलं, पायांखाली रबराचे तुकडे घातले, आणि पंख्याला वारा मिळावा म्हणून यंत्र भिंतीपासून हातभर पुढं ओढलं. तेल काचेवरच्या खुणेपर्यंत भरलं. बटन दाबलं तर चाक उलटं फिरायला लागलं. त्यानं लगेच बंद करून मोटरच्या दोन वायरी आपसांत बदलल्या आणि चाकावरचा, फिरायची दिशा सांगणारा बाण मनकर्णाला दाखवला. मग तोटी उघडी ठेवून यंत्र बराच वेळ मोकळंच पळवलं, तेल सगळीकडं पोचावं म्हणून. तोटी बंद केल्यावर दाबाचा काटा चढू लागला. ठरल्या खुणेवर दाबाच्या स्विचनं मोटर आपोआप थांबवली. शेवटी बन्सीनं, दाब फार वाढला तर आपोआप हवा सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी तिला ओढायला लावली. फस्सकन हवा सुटली आणि ती एक पाऊल मागं सरली. तिनं पदर सावरल्यासारखं केलं.

गहिनीनाथ तेव्हा रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभा होता.

हंगाम सुरू झाला. तो टायर उतरवायचा, ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधायचा, ठिगळ लावायचा. हवा भरायची वेळ आली की भिंतीकडं पाठ करून मान खाली घालायचा. मागं मनकर्णा काट्यावर नजर ठेवून बसायची. बाई कॉम्प्रेसर चालवते म्हणून ट्रॅक्टरवाले कौतुक करायचे.

एका दुपारी काकासाहेब म्हणून एक ओळखीचा ड्रायव्हर भरलेली ट्रॉली घेऊन आला. काम चालू असताना वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. त्या खेळात दाबाचा स्विच आतून चिकटला. काटा खुणेवर आला आणि थांबलाच नाही. मनकर्णानं बटन बंद करायला हात उचलला, एवढ्यात व्हॉल्व्ह कर्कश किंचाळत उघडला.

तिनं बटन दाबलं. मोटर थांबली. व्हॉल्व्ह जास्तीची हवा सोडून आपणहून मिटला. तोटी सोडून टाकी रिकामी होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली, आणि मग बाहेर आली. गहिनीनाथच्या हातातला पाईप जमिनीवर पडला होता. काकासाहेब गोंधळून रस्त्यापलीकडं बघत होता.

"कालव्याकडं पळाले," तो म्हणाला. "ट्रकखाली जाता जाता वाचले."

गहिनीनाथ कालव्याच्या काठावर बसला होता. पायात एकच चप्पल होती. मनकर्णा त्याच्या डाव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाकडं, जाऊन बसली. तिच्या मनात राग होता आणि तो लपवायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

गहिनीनाथ म्हणाला, "तुला तिथं सोडून पळालो मी."

"व्हय," ती म्हणाली. "पळालात."

'असू दे, काही नाही झालं' असं तिनं म्हणावं असं त्याला वाटत असावं, पण तिच्या तोंडून ते निघालं नाही. पाणी संथ वाहत होतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून धरले होते.

"तुला भ्या वाटतं का त्याचं?" त्यानं विचारलं. इतक्या महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"रोज वाटतं. मोटर सुरू करायच्या आधी दारापातुरची पावलं मोजून घेते."

"मग बोलली न्हाईस कधी."

"तुमचंच लई हुतं. माझं कुठं ठेवू?"

बन्सीनं दुसऱ्या दिवशी स्विच बदलला. गहिनीनाथनं त्याच्याकडून आणखी एक काम करून घेतलं. मोटरचं आणखी एक बंद करायचं बटन भिंतीच्या अलीकडं, आपल्या हाताशी बसवायला लावलं, म्हणजे आत मनकर्णाला काही सुचलं नाही तरी मोटर बाहेरून बंद करता येईल.

भीती गेली नाही. मागं मोटर सुरू झाली की त्याच्या कपाळावर अजून घाम येतो, आणि व्हॉल्व्ह तपासायची वेळ आली की मनकर्णा आधी त्याला सांगते. हंगाम संपायच्या सुमाराला एक दिवस ती कडी ओढायला गेली, तेव्हा तो पहिल्यांदाच त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत नाही आला. चौकट घट्ट धरून म्हणाला, "ओढ. मी हाय हितं."