मधल्या खणावरची माती

आमचं घर तीन खणांचं होतं, म्हणजे एकाला लागून एक तीन दालनं, आणि वर धाबं, मातीचं सपाट छप्पर. नगरहून पाच-सहा कोसांवरचं गाव, तिकडं तेव्हा सगळ्यांचीच घरं तसली. दगडमातीच्या भिंती, त्यावर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर तरवडाचा पाला आणि त्याच्यावर वीतभर खारी माती. वर माती म्हणजे उन्हाळ्यात घर थंड. पण दर वर्षी मृगाच्या आधी त्या मातीचं केलंच पाहिजे. उन्हानं तिला भेगा जातात, कडेला गवत उगवतं, उंदीर बिळं करतात. नाही केलं तर आषाढात पातेली मांडत बसा घरभर.

हे काम आमच्याकडं सासरे करायचे. मामंजी म्हणायचे मी त्यांना, म्हणजे मनात म्हणायचे. तोंडानं कधी म्हटलं नाही, कारण सुनेनं सासऱ्याशी बोलायचंच नाही असा आमच्यात रिवाज होता. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, त्या चार वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. पदर पुढं ओढायचा, ताट सरकवायचं, मागं व्हायचं. आता कुणाला सांगितलं तर हसतात. हसा बापडे.

पण धाब्याच्या कामात आमचं बोलणं व्हायचं. ते कसं, ते सांगते.

मामंजी वर जाऊन आधी गेल्या सालची माती खोऱ्यानं उतरवायचे. सगळी नाही, वरची चार बोटं. त्यांचा नियम एकच, जेवढ्या पाट्या चढवायच्या तेवढ्या आधी उतरल्या पाहिजेत. गावात निम्मे लोक आळस करायचे, जुन्यावरच नवी टाकायचे. मामंजींना त्याचा भारी राग. तुळई काय मातीचं देणं लागते का, म्हणायचे. माती उतरली की ते खणाखणावरून पाय दाबत चालायचे आणि मी खाली मुसळ घेऊन उभी असायचे. त्यांच्या पायाखाली मातीचा कण पडला नाही तर मी तुळईला मुसळाचा एक ठोका द्यायचा. माती झरली, तर दोन ठोके. दोन ठोके ऐकले की सासूबाई, म्हणजे आत्याबाई, हातातलं काम टाकून अंगणात जायच्या आणि वर तोंड करून ओरडायच्या, “आवं, तिथं पाय नगा देऊ.” ते ठोके पुरेसे मोठे असायचे, वर ऐकू जायचेच. पण नुसत्या सुनेच्या ठोक्यावर सासरा थांबला असं दिसायला नको, म्हणून मध्ये आत्याबाई. माझ्या आधी हे मुसळ माझ्या नणंदेच्या हातात होतं, तिच्या आधी आणखी कुणाच्या. आत्याबाईंचं अंगणात जाणं मात्र पंचवीस-तीस वर्षांचं.

एका वैशाखात मी मधल्या खणात दोन ठोके दिले. मामंजी उतरून आत आले, भिंतीजवळ तुळईच्या टोकाला विळ्याची मूठ वाजवून बघितली. आवाज पोकळ आला. वाळवी लागली होती. पत्रा नाही, सागवान नाही, लढाईची वर्षं ती, सगळं लष्कराच्या छावणीत जायचं. त्यांनी बाभळीचा एक सरळ सोट तोडून आणला आणि तुळईखाली टेकू दिला. मग मी तिथंच दोन हातांवर उभी असताना मामंजी आत्याबाईंना म्हणाले, “सुनंला सांग, ह्या टेकूला हात लावू नगंस म्हनावं. पुढल्या साली तुळई बदलू.” आत्याबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ऐकलं का गं?” मी मान हलवली. असलं आमचं बोलणं.

त्याच सालच्या माघात मामंजी गेले. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी सकाळी संपलं. त्यांना मधल्या खणातच ठेवलं होतं. माणसं आली, बायका आल्या, खण भरून गेला. तो टेकू बरोबर मध्ये. भावकीतल्या कुणीतरी मला विचारलं, “हे काढू का, अडचन व्हतीया.” मी पिठाच्या हातानं उभी होते, की भांडं होतं हातात, आठवत नाही. मी मान हलवली. त्यांनी टेकू काढला आणि बाहेर लाकडांत टाकला. ती सगळी लाकडं मामंजींच्या बरोबर सरणावर गेली. दोन-तीन दिवसांनी झाडताना मोकळी जागा दिसली तेव्हा मला कळलं.

कळलं, पण काही वाटलं नाही. खरं सांगते. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. भाकरी थापत होते, पाणी आणत होते, आल्या-गेल्याला गूळपाणी देत होते. बायका गळ्यात पडून रडायच्या तशी मीही आवाज काढायचे, डोळे कोरडे. आत्याबाईंचा नवरा गेला होता, आमच्या मालकांचा बाप गेला होता. माझं कोण गेलं होतं? ज्याच्याशी कधी बोलले नाही त्याची आठवण येते, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि आठवण तर यायची. झाडताना यायची, मुसळ हातात घेतलं की यायची. मी ती बाजूला सारायचे आणि कांडत राहायचे.

आत्याबाई कोपऱ्यात बसल्या. आमच्यात नवरा गेल्यावर बाईनं वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही, एका जागी बसायचं. त्यांनी जागा धरली ती मधल्या खणात, मामंजी गेले तिथं. तिथंच बसणं, तिथंच डाळ-तांदूळ निवडणं, तिथंच अंथरूण. आणि त्यांच्या डोक्यावर ती तुळई.

आमचे मालक भिंगारला छावणीत तंबू शिवायच्या कामाला होते. आठ दिवसांनी घरी यायचे, तेही एक दिवस. मी म्हटलं, टेकू द्या. म्हणाले, “पुढच्या आठवड्यात.” त्यांचा पुढचा आठवडा म्हणजे काय ते मला चार वर्षांत चांगलं कळलं होतं. तंबूंचं शिवण उसवलं तर त्यांना झोप लागायची नाही, घराचं मात्र सावकाश. मी दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं, मग सोडून दिलं. बोलायचासुद्धा कंटाळा आला होता मला.

ज्येष्ठात दोन दिवसांची सुटी काढून ते धाब्याचं करायला आले. वर चढले, खोरं लावलं, आणि आतून आत्याबाईंनी हाक मारली. चार महिन्यांत न चढलेला आवाज.

“खोरं लावू नगंस.”

मालक उतरून आले. म्हणाले, “आई, जुनी उतरवल्याबिगर नवी कशी टाकू?”

“त्यांच्या हातची माती हाय ती. त्यांनी चोपल्याली. ती खाली काढायची न्हाई.”

“आबा दर साली काढायचे की.”

“ते हुते तवर काढली. आता न्हाई काढायची.”

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मामंजींचाच नियम होता तो, आणि मामंजींसाठीच मोडायचा होता. मला राग आला होता, पण तोही दुसऱ्या कुणाचा असावा असा. मी एवढंच म्हटलं, “आत्याबाई, मग तुम्ही तरी पलीकडच्या, धान्याच्या कनग्यांच्या खणात चला. तिथली तुळई चांगली हाय.”

त्या म्हणाल्या, “हितं गेले ते. मी कुठं जाऊ?”

जुन्या मातीवर नवी माती पडली. चाळीस का पन्नास पाट्या, मीच खालून वर दिल्या. एकही उतरली नाही. मालकांनी घाईनं चोपली, पन्हाळी साफ केली, आणि दुसऱ्या दिवशी भिंगारला गेले. टेकू पुढच्या आठवड्यात.

त्यानंतर रोज सकाळी आत्याबाईंच्या अंथरुणावर तुळईतून झरलेला बारीक पिवळा भुसा पडलेला असायचा. मी तो झाडायचे. त्या बघायच्या, मी बघायचे. मी त्यांना एकदा-दोनदा पुन्हा म्हटलं, इकडं या. त्या हात हलवायच्या. मग मी झाडायचे तेवढं ठेवलं. आज वाटतं, ओढून का नेलं नाही? हाताला धरून ओढलं असतं तर काय मारणार होत्या का मला? पण त्या दिवसांत मी कुणालाच ओढण्यासारखी राहिले नव्हते. ती बाई मरायची वाट बघत बसली होती आणि मी रोज तिच्या अंथरुणावरचा भुसा झाडत होते, हे खरं आहे.

आमच्याकडं पाऊस तसा बेताचाच. त्या साली पोळ्याच्या आधी मात्र झड लागली. तीन दिवस. मोठा नाही, पण थांबायचं नाव नाही. धाब्यावरची माती पाणी पिऊन फुगली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मधल्या खणात उखळाजवळ ज्वारी कांडत होते. आत्याबाई भिंतीला टेकून तूर निवडत होत्या. बाहेर पन्हाळीची धार चालू होती, बाकी सगळं शांत.

वर आवाज झाला. दबका, जड. एक, आणि थोड्या वेळानं त्याच्या पुढं दुसरा. मातीवर पाय दाबत कुणी चालावं तसा. माझ्या मनगटावर माती झरली.

लोक पुढं म्हणायचे, काय हुशार सून, प्रसंगावधान कसलं. कसलं प्रसंगावधान? मी विचारच केला नाही. हातात मुसळ होतं, ते वर गेलं, आणि मी तुळईला दोन ठोके दिले.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि चालू लागल्या. मामंजी गेल्यापासून ज्यांनी उंबऱ्याला पाय लावला नव्हता त्या उंबरा ओलांडून पावसात अंगणात गेल्या. मला वाटलं, ह्यांना झालं काय. मी तशीच मुसळ घेऊन त्यांच्या मागं धावले.

अंगणाच्या मध्यावर उभं राहून त्यांनी वर तोंड केलं. पाऊस तोंडावर पडत होता. नेहमीच्या आवाजात, दर वर्षीच्या, त्या ओरडल्या, “आवं, मधल्या खनावर पाय नगा देऊ.”

आणि आमच्या मागं मधला खण बसला. तुळई मोडल्याचा आवाज मला वेगळा आठवत नाही, नुसता धप्प झाला आणि दारातून धूळ बाहेर आली, एवढ्या पावसात धूळ. ती खाली बसली तेव्हा दारातून आतलं आभाळ दिसत होतं. अंथरूण, तुरीचं सूप, उखळ, सगळं गाडलं गेलं होतं. त्यांच्या हातची माती आणि आमच्या हातची माती एक झाली होती.

आत्याबाईंनी तिकडं वळूनही पाहिलं नाही. त्या अजून धाब्याकडंच बघत होत्या. पहिल्या खणावर, तिसऱ्या खणावर, कडेला. बराच वेळ बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, “कुठं हायेत गं?”

मी म्हटलं, “न्हाईत, आत्याबाई. वर कुनी न्हाई.”

“मग दोन ठोके कशाला दिलेस?”

सहा महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं, आणि आलं ते थांबेना. मलाही वाटलं होतं, मामंजीच चालताहेत.